उघडा पत्रा

अठ्ठावन्न सालची ती डुक्कर फियाट टेम्पोवरून उतरवताना तिच्या बुडातून ओंजळभर गंज खाली सांडला. मालक हितेश ठाण्याहून मुद्दाम आलेला. त्याने बुटाच्या टोकाने गंज बाजूला सारला.

“आजोबांची गाडी आहे, काका. तीस वर्षं कल्याणच्या गोदामात पडून होती. जानेवारीत जुन्या गाड्यांची रॅली आहे, त्यात हिला उतरवायचंय.”

साईनाथने गाडीभोवती एक फेरी मारली. शीळफाट्याच्या अलीकडे, गोदामांच्या मागच्या अंगाला त्याचं शेड होतं आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामात त्याची पंचवीस वर्षं गेलेली. मडगार्डवर त्याने बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. पत्रा शाबूत होता तिथे आवाज खणखणीत यायचा; आत नुसती पुट्टी आणि गंज उरलेला तिथे बद्द. बद्द जागाच जास्त निघाल्या.

“होईल,” तो म्हणाला. “पण आधी सगळा रंग उतरवून गंज मुळापासून काढावा लागेल. वरवर रंग मारून दिला तर दोन पावसाळ्यांत परत फुगेल.”

“मग सँडब्लास्टिंग करा ना. एका दिवसात साफ होतं म्हणतात. तुमच्याकडे मशीन आहे असं कोणीतरी बोललं मला.”

“होतं. विकलं.” साईनाथने हात फडक्याला पुसले. “आणि ह्या पत्र्यावर रेती मारली तर पापडासारखा वाकडा होईल. हातानेच काढतो मी.”

पत्र्याचं त्याने सांगितलं ते खरंच होतं. पण मशीन विकण्याचं कारण वेगळं होतं. ते आंबिवलीजवळ मोहने गावात, चाळीतल्या एका खोलीत, पाठीला तीन उशा लावून बसलेलं असायचं. आडवं झालं की त्याचा श्वास अडकायचा.

चांगदेव साईनाथचा भागीदार. त्याचे वडील मोहन्याच्या रेयॉन कंपनीत होते. कंपनी बंद पडली तोवर पोरगा रंगकामाला लागून गेलेला. साईनाथ डोंबिवलीचा, मूळ राजापूरकडचा. दोघांची गाठ एका गॅरेजात पडली, सूत जुळलं आणि त्यांनी हे शेड घेतलं. साईनाथ पत्रा ठोकायचा, चांगदेव रंग मारायचा. गाडीवाले थट्टेने म्हणायचे, साईनाथच्या चुका चांगदेव झाकतो. चांगदेव हसून म्हणायचा, “झाकत नाय, चमकवतो.”

मग ट्रेलरवाल्यांचं काम आलं. फाट्यावर ट्रेलर आणि टँकर रांगेने उभे असत, त्यांचे सांगाडे गंजलेले. ते हाताने घासत बसायचं तर एकेकाला आठवडा जायचा. साईनाथने जुनं मशीन आणलं. कॉम्प्रेसरच्या जोरावर रेतीचा फवारा मारायचा की गंज उडून खाली पांढरं लोखंड दिसायचं. रंगाची बंदूक धरायची सवय चांगदेवच्या हाताला होती, म्हणून रेतीची नळीही त्याच्याच हातात आली. सहा वर्षं ते काम चाललं. तोंडाला ओला रुमाल बांधून तो आत उभा राहायचा आणि बाहेर यायचा तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. दोनदा त्याने हेल्मेटचं नाव काढलं. अख्खं डोकं झाकणारं, आत ताज्या हवेची नळी असलेलं हेल्मेट मिळतं, असं त्याने कुठेतरी ऐकलेलं. साईनाथ म्हणाला, “पुढच्या कामाला घेऊ.” पुढचं काम आलं, त्याच्यापुढचंही आलं, आणि हेल्मेट तेवढं राहून गेलं.

खोकला सुरू झाला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने टीबी म्हणून सांगितलं. सहा महिने गोळ्या झाल्या. फरक पडला नाही, म्हणून पुन्हा आठ महिने. चाळीत शेजारणी त्याच्या बायकोला, नीलाला, हळूच विचारू लागल्या की भांडी वेगळी ठेवता ना. थोरल्या मुलीसाठी, मेघनासाठी, टिटवाळ्याचं स्थळ आलेलं. पसंती झाली, साखरपुड्याची तारीख निघायची बाकी होती. मुलाकडच्यांना कुठूनतरी कळलं आणि त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

मग यंदा उन्हाळ्यात सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरून विचारलं, “काम काय करत होतात?” आणि चांगदेवचं उत्तर ऐकून म्हणाला, “हा टीबी दिसत नाही. रेतीची धूळ छातीत बसलीय.” धूळ आता निघणार नव्हती. पण निदान आजाराला त्याचं खरं नाव मिळणार होतं. त्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं होतं आणि बोर्डाला पुरावा हवा होता: कुठे काम केलं, किती वर्षं, कसल्या रेतीने. जिथे काम केलं तिथल्या माणसाने लिहून द्यावं, जमलं तर स्वतः येऊन सांगावं.

शेड कागदोपत्री साईनाथच्या एकट्याच्या नावावर होतं.

हा निरोप त्याला जूनमध्ये मिळाला. “येतो ना, त्यात काय,” तो म्हणालेला. मग इमारतीतल्या एका वकिलाकडे त्याने सहज म्हणून विषय काढला. वकील म्हणाला, “वेडे आहात का? आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध साक्ष देणार?” त्या दिवसापासून साईनाथचं मोहन्याला जाणं कमी झालं. आधी दर रविवारी जायचा, मग महिन्यातून एकदा, आणि श्रावण लागल्यापासून तर एकदाही नाही.

फियाट आली ती अशी वेळेवर आली.

रोज सकाळी आठला तो कामाला भिडायचा. रंगावर रिमूव्हर चोपडायचा, रंग फोडासारखा फुगला की पटाशीने खरवडायचा. वर कोणीतरी मारलेला पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली मूळचा फिकट हिरवा. रंग गेला की पुट्टीचे थर लागत आणि त्याखाली गंज. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून तो गंज उडवायचा. सांधे आणि कोपरे मात्र हाताने, पॉलिश पेपरने. दाराच्या खालचा पत्रा ब्रश लावताच बिस्किटासारखा तुटून हातात आला. तिथे नवा पत्रा कापून जोडावा लागला. एवढं काम समोर असताना माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि साईनाथला तेच हवं होतं. मास्क मात्र तो विसरत नसे. चांगला, दोन बाजूंना फिल्टरचे डबे असलेला मास्क होता. मागच्या वर्षी घेतलेला.

भाद्रपदात एका दुपारी मेघना आली. आंबिवलीहून गाडी पकडून, पुढे दोन रिक्षा बदलून आलेली. हातात प्लास्टिकची फाइल होती. साईनाथने ग्राइंडर बंद केला.

“ये गं, बस. पाणी देऊ?”

“नको काका. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता बोर्डाची वेळ मिळालीय. तुम्ही याल ना?”

“गुरुवारी?” त्याने गाडीकडे पाहिलं. “अगं, हे बघतेस ना. त्याच आठवड्यात सगळा पत्रा उघडा होणार. एकदा उघडा झाला की थांबता येत नाही. ह्या दमट हवेत चार तासांत परत लाल पडतो.”

“मग लिहून तरी द्या. मी कागद आणलाय, मजकूरपण लिहिलाय. फक्त वाचून सही करायची.”

साईनाथने कागद घेतला. अक्षर तिचंच, मोकळं, नीट. ‘श्री. चांगदेव यांनी माझ्या शेडमध्ये सलग सहा वर्षे कोरड्या रेतीने सँडब्लास्टिंगचे काम केले.’ पुढचं त्याने वाचलं नाही.

“माझे हात बघ, ॲसिडचे आहेत. कागद खराब होईल. ठेव इथे, मी नीट वाचतो आणि पाठवतो.”

“काका,” ती म्हणाली आणि फाइलचं बटण लावलं. मग म्हणाली, “आम्हाला तुमच्यावर केस नाय करायचीय. पप्पांना फक्त टीबी हा शब्द काढून हवाय. ते म्हणतात, मी मेलो तरी लोक म्हणतील टीबीने मेला.”

“असं बोलू नकोस. काय होत नाय त्याला.”

ती उठली. जाताना मडगार्डच्या उघड्या पत्र्यावरून तिने हात फिरवला, आणि बापाने शिकवलेलं असणार म्हणून लगेच विचारलं, “हात लावला तर चालतो ना? घामाने गंज धरतो ना?”

“धरतो,” साईनाथ म्हणाला. “पण पुसून घेईन मी.”

बुधवारी संध्याकाळी चांगदेवचा फोन आला. आवाज ओळखू येईना; दोन शब्द झाले की मध्ये हवा ओढल्याची शिट्टी.

“डुक्कर फियाट आलीय म्हणे?”

“आलीय. मेघना बोलली वाटतं.”

“मूळ रंग... कुठला निघाला?”

“फिकट हिरवा. पिस्त्यासारखा.”

“तोच मार. मालक दुसरं काय बोलला... तरी तोच मार.” बराच वेळ नुसती शिट्टी ऐकू येत राहिली. “पत्रा पूर्ण उघडा केलास?”

“उद्या दुपारपर्यंत होईल. छप्पर राहिलंय.”

“झाला की लगेच प्रायमर. उघड्या पत्र्याने... रात्र बघता कामा नये.”

“माहीत आहे रे.”

“उद्या... अकराला...” चांगदेव म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. फोन नीलाने घेतला असावा. तिने तो बंद केला. साईनाथने परत लावला नाही.

गुरुवारी अकरा वाजता तो छपरावर तारेचा ब्रश चालवत होता. मुद्दाम मोठा आवाज होईल असा चालवत होता, निदान नंतर त्याला तसं वाटलं. बारापर्यंत शेवटचा गंज गेला. गंजाने टोचे पाडलेल्या जागी त्याने ॲसिड फिरवलं, पाण्याने धुतलं, हवा मारून सुकवलं. शेडमध्ये एवढी स्वच्छ गाडी कित्येक वर्षांत उभी राहिलेली नव्हती. ठोक्याच्या खुणा, जुने जोड, सगळं उघडं दिसत होतं.

एकच्या सुमाराला राजरत्नचा, चांगदेवच्या मुलाचा, फोन आला. तो कुरिअरच्या कामावरून सरळ इस्पितळात आलेला.

“काका, पप्पांना ॲडमिट केलंय. बोर्डाला नेतानाच रिक्षात त्रास झाला, मग इथेच कल्याणला आणलं. ऑक्सिजन लावलाय. ते तुम्हाला बोलवतायत.”

“काय म्हणतो?”

“तुमचं नाव घेतात फक्त. लवकर या.”

साईनाथ गाडीसमोर उभा राहिला. आभाळ भरलेलं होतं आणि हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. आत्ता निघालो तर हा पत्रा संध्याकाळपर्यंत केशरी होणार, तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. प्रायमरला किती वेळ लागतो? कालवायला अर्धा तास, मारायला दीड. दोन तासांनी काय फरक पडतो? चांगदेव याआधीही दोनदा ॲडमिट झालेला आणि घरी आलेला. शिवाय कालच तो स्वतः म्हणाला होता की उघड्या पत्र्याने रात्र बघता कामा नये.

“दोन तासांत निघतो,” त्याने राजरत्नला सांगितलं. “त्याला सांग, साईनाथ निघालाच आहे.”

त्याने थिनरने गाडी पुसली, प्रायमर कालवला, मास्क चढवला. चांगदेव असता तर हे काम त्याचं होतं. साईनाथचा हात पत्र्यावर बसलेला, बंदुकीवर नाही. दोन ठिकाणी ओघळ आले, ते पुसून पुन्हा मारावे लागले. फोन टेबलावर होता. कॉम्प्रेसरच्या आवाजात तो वाजला की नाही ते कळलं नाही. पावणेचारला त्याने बंदूक धुऊन ठेवली, तेव्हा फोनवर पाच कॉल पडलेले होते. परत लावण्यापेक्षा सरळ जावं म्हणून तो निघाला.

काटई नाक्यावर गाड्या अडलेल्या होत्या, पत्रीपुलावर त्याहून जास्त. बाइक फटीफटीतून काढत तो इस्पितळात पोचला तेव्हा साडेपाच वाजून गेलेले. जिन्यातच राजरत्न भेटला. त्याच्या हातात वडिलांच्या चपला होत्या.

“किती वाजता?” साईनाथने विचारलं.

“तीनला.”

तीन वाजता तो बॉनेटवर दुसरा हात मारत होता.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर नीला बसलेली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या शर्टाकडे पाहिलं. बाह्यांवर लालसर प्रायमरचे ताजे ठिपके होते.  मेघना काउंटरवर कागद भरत होती. मृत्यूच्या कारणापुढे, जुन्या केसपेपरवरून बघून, कोणीतरी क्षयरोग लिहून टाकलेला. ती त्या माणसाला सांगत होती की ते तसं नाहीये. तो म्हणत होता, “ताई, जे रेकॉर्डवर आहे तेच लिहावं लागतं.”

जलदान विधी पुढच्या रविवारी होता. चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घातलेला, पांढरे कपडे घातलेली माणसं दाटीवाटीने बसलेली. त्रिसरण-पंचशील झालं, वंदना झाली. मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. कोणी चांगदेवने विहाराच्या भिंती फुकट रंगवून दिल्याचं सांगितलं, कोणी त्याच्या विनोदी स्वभावाचं. चाळीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “फार सोसलं बिचाऱ्याने. टीबीसारखा रोग वाईट. तरुणांनो, प्रकृतीची काळजी घ्या.”

साईनाथ मागच्या रांगेत होता. बोलायचं त्याने ठरवलेलं नव्हतं, पण तो उभा राहिला आणि मग मागे फिरता येईना.

“जय भीम,” तो म्हणाला. “मी साईनाथ, त्याचा भागीदार. त्याला टीबी नव्हता. माझ्या शेडमध्ये त्याने सहा वर्षं रेती मारली. ती रेती त्याच्या छातीत बसली. हेल्मेट घ्यायला पाहिजे होतं, मी घेतलं नाही. हे लिहून द्यायला मेघना माझ्याकडे आलेली, मी दिलं नाही. त्या गुरुवारी मी यायला पाहिजे होतं.”

 पुढच्या रांगेतून राजरत्न वळला.

“बसा खाली, काका,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

साईनाथ बसला. शेजारच्या माणसाने गुडघा थोडा बाजूला घेतला.

जेवणं चालू असताना नीला स्वतःहून त्याच्यापाशी आली. हातात पाण्याचा जग होता, पंगतीत वाढत होती.

“साईनाथभाऊ, तुम्ही लोकांना सांगितलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण ह्यांना ऐकायचं होतं. दुपारभर दाराकडे बघत होते. मी म्हटलं, येतायत, वाटेत असतील. मला खोटं बोलायला लावलंत तुम्ही.”

“वहिनी...”

“पाणी देऊ?” तिने विचारलं. त्याने नको म्हटलं आणि ती पुढच्या माणसाकडे गेली.

फियाटचं काम पुढे झालं. पिस्त्याच्या रंगाला हितेश तयार झाला नाही. त्याला लाल हवी होती, फोटोत उठून दिसते म्हणून. साईनाथने एकदा आग्रह धरून पाहिला, मग सोडून दिला. रंग मारायला भिवंडीहून एक पेंटर आणला. गाडी दिवाळीनंतर गेली. हितेश खूश होता. बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, “काका, तुमच्यासारखे कारागीर आता राहिले नाहीत.” साईनाथने किल्ली त्याच्या हातात दिली आणि आत जाऊन उगाचच हत्यारं आवरत बसला.

डिसेंबरमध्ये मेघनाने मेसेज केला. बोर्डाने नवी तारीख दिलेली. माणूस गेला असला तरी एक्स-रे आणि स्कॅन होते. कामाचा पुरावा आला तर विचार करू, असं ते म्हणाले होते. मेसेजच्या शेवटी ‘प्लीज’ नव्हतं आणि ‘काका’ही नव्हतं. साईनाथ ठरल्या वेळेच्या तासभर आधीच जाऊन बसला. मेघना आली, त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली आणि फाइल मांडीवर धरून समोरच्या दाराकडे बघत राहिली.

आत तीन डॉक्टर होते. मधल्या बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. बोलणं कोरडं, कामापुरतं.

“किती वर्षं?”

“सहा. मध्ये खंड नाही.”

“रेती कुठली?”

“नदीची. वाळवून, चाळून घ्यायचो.”

“तोंडाला काय बांधत होते?”

“रुमाल. ओला करून.”

“जागा उघडी होती की बंद?”

“तिन्ही बाजूंनी बंद. चौथ्या बाजूला ताडपत्री लावायचो, रेती बाहेर उडून वाया जाऊ नये म्हणून.”

“ताडपत्री कोण लावायचं?”

“मी.”

बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलं. “म्हणजे तुम्हीही सहा वर्षं त्याच जागेत काम केलंत. मग आजच खाली जाऊन तुमचाही एक्स-रे काढून घ्या. उशीर करू नका.”

 मेघना त्याच्या डाव्या हाताला बसलेली होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

“गरज नाही, डॉक्टर,” तो म्हणाला. “मशीन सुरू झालं की मी बाहेर जायचो. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, तिथे बसायचो. धूळ खाली बसली की मग आत यायचो.”

 बाईंनी तेही वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, कागद त्याच्या बाजूला वळवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली.